मेलानोक्रायसमची कुंडी बदलायचीय? आधी खांबाचं बघा, कुंडीचं नंतर

फिलोडेंड्रॉन मेलानोक्रायसम घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुंडी कधी बदलू आणि केवढी घेऊ. प्रश्न बरोबरच आहे पण अर्धा आहे, कारण ही वेल आहे, आणि अशा चढणाऱ्या वेलीची काही मुळं कुंडीत असतात तर काही खोडावर, पेरापेरापाशी. मनी प्लांटच्या बाबतीत हे जाणवत नाही कारण मनी प्लांट काहीही केलं तरी जगतो. मेलानोक्रायसमला ते ज्याच्या आधाराने चढतं त्या खांबावरून ओरबाडून काढलं आणि मोठ्या कुंडीत एकदम भारी मिक्स, म्हणजे मातीऐवजीचं मिश्रण, घालून बसवलं तरी ते पुढे कितीतरी दिवस छोटी छोटी पानं काढत बसतं, आणि आपण खतं बदलत बसतो.

मूळचं हे कोलंबियातलं, अँडीजच्या पायथ्याच्या ओल्या जंगलातलं. लहानपणी सावलीत असतं, मग एखाद्या बुंध्याला मुळांनी चिकटून वर चढतं. लहान झाडाचं पान तळहाताएवढं, हृदयाच्या आकाराचं, आणि वर चढलेल्या झाडाचं पान दोन फुटांच्या वर लांब, खाली लोंबणारं, काळपट हिरवं मखमली. १८७३ साली लिंडन आणि आंद्रे यांनी जे वर्णन केलं ते लहान रूपाचं होतं, आणि नंतर मोठ्या पानांचं रूप सापडलं तेव्हा ते वेगळंच झाड समजून आंद्रेआनम नावाने नोंदलं गेलं. म्हणजे वनस्पतीशास्त्रज्ञही फसले इतका फरक. आणि तो फरक कशाने पडतो, तर झाडाला चढायला ओली, पकडता येईल अशी जागा मिळाली की नाही याने. म्हणून म्हणते, कुंडी बदलणं म्हणजे खरं तर खांबाचं काम, कुंडी त्याच्यासोबत येते.

आत्ता गरज आहे का

बऱ्याचदा नसते. खालचं एखादं पान पिवळं झालं, हे कारण नाही. नवीन पान त्याच्याभोवतीच्या पातळ सालीतून, म्हणजे आवरणातून, बाहेर यायला अडकलं, हेही नाही, ती कोरड्या हवेची तक्रार आहे. पानांच्या कडा करपतायत तर आधी पाणी तपासा, बोअरचं जड पाणी असेल तर कुंडी कितीही बदला, कडा करपणारच.

खरी कारणं अशी: पाणी घातलं की क्षणात खालून निघून जातं आणि दोन दिवसांत कुंडी हलकी होते. पारदर्शक कुंडी असेल तर बाहेरून मुळांची वेटोळी दिसतात. पानं मोठी होत होती ती एकदम लहान व्हायला लागली. किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जुनं होऊन खाली बसलंय, चिखलासारखा घट्ट थर झालाय, वास येतोय. हा शेवटचा प्रकार असेल तर मुहूर्त बघत बसू नका, लगेच करा. एरवी मात्र थांबायला काहीच हरकत नाही.

नुकतंच विकत घेतलेलं झाड असेल तर दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा, घरातल्या बाकी झाडांपासून लांब. थ्रिप्स, म्हणजे बारीक फुलकिडे, हा या झाडाचा सगळ्यात नकोसा पाहुणा, पानाच्या पाठीमागे चंदेरी ओरखडे आणि काळे बारीक ठिपके दिसले की समजायचं. मखमली पानावर निंबोळी तेल मारायची घाई करू नका, डाग राहतात, आधी एका जुन्या पानावर मारून चार दिवस बघा.

कधी

पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूर या बाजूला जूनचा उत्तरार्ध ते सप्टेंबर. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की तुटलेली मुळं सावरायच्या आत पानं माना टाकतात, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड असतात, १५ अंशांच्या खाली गेलं की झाड झोपतं आणि ओली कुंडी तशीच ओली राहते. मुंबई, कोकण, गोव्यात वर्षभर चालतं, फक्त मेमधली तलखी टाळा. न्यू जर्सीत वगैरे असाल तर हीटर बंद होऊन दिवस मोठे झाले की, साधारण एप्रिलअखेर किंवा मे.

अजून एक. नवीन पान तांबूस-केशरी रंगाचं, लुसलुशीत लोंबत असेल तर ते कडक होऊन हिरवं होईपर्यंत हात लावू नका. त्या अवस्थेत बोट लागलं तरी खूण कायमची राहते, आणि इतक्या महागाच्या पानावर आपलंच बोट उमटलेलं रोज बघायला नको वाटतं.

खांब

बाजारात मिळतो तो काथ्याचा खांब, तो दिसायला चांगला पण पाणी धरत नाही, त्यामुळे मुळं त्याच्यावर नुसती आडवी पसरतात किंवा सुकून थांबतात. या झाडाला आत ओलं मॉस (वाळवलेलं शेवाळ) असलेला खांबच पाहिजे. मी इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा करते, म्हणजे पाठीमागे वाकणारा प्लास्टिकचा शीट आणि पुढे प्लास्टिकची जाळी, भोकं साधारण अर्धा इंच, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. मागच्या बाजूने शीट असल्यामुळे मॉस लवकर सुकत नाही, आपल्याकडच्या हवेत चारी बाजूंनी उघडा जाळीचा खांब उन्हाळ्यात दिवसातून दोनदा भिजवत बसावं लागतं, आणि तेवढा वेळ कुणाकडे आहे.

मापं: रुंदी तीन इंच तरी ठेवा, उंची झाडाच्या आत्ताच्या उंचीपेक्षा एक फूट जास्त. सगळी उंची एकदम करू नका, फूट-दीड फुटाचे तुकडे करा जे झिप टायने एकावर एक जोडता येतात. आतून आधाराला वायरिंगचा पीव्हीसी पाइप घाला, बांबू नको, ओल्या मॉसमध्ये तो वर्षभरात कुजतो आणि मग एक दिवस सगळं झाड वाकून बसतं. पाइप कुंडीच्या तळापर्यंत गेला पाहिजे.

स्फॅग्नम मॉस अर्धा तास पाण्यात भिजवून पिळून घ्या आणि जाळीत भरा. ठासून भरू नका, दाबलं तर किंचित आत जाईल इतपतच. कोरड्या मॉसची धूळ उडते, ती श्वासात घेऊ नये, शिवाय हाताला जखम असेल तर ग्लोव्ह्ज घाला. ग्लोव्ह्ज तसेही लागणार आहेत कारण या झाडाच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हाताला खाज सुटते, डोळ्याला लागला तर फारच त्रास. मांजर किंवा लहान मूल घरात असेल तर कापलेली पानं-मुळं लगेच उचला.

मिक्स

लाल माती आणि शेणखत हे समीकरण इथे विसरा. जंगलात या मुळांभोवती पालापाचोळा, साल, शेवाळ असतं, त्यात हवा भरपूर. आमच्या घरी चालणारं प्रमाण सांगते: नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा पाइन बार्क (पाइनच्या झाडाची साल) चार भाग, परलाइट (हलके पांढरे फुगीर खडे) दोन भाग, धुतलेलं कोकोपीट दोन भाग, लाकडी कोळशाचे बोराएवढे तुकडे एक भाग, गांडूळ खत एक भाग, वर मूठभर निंबोळी पेंड. पाइन बार्क महाग वाटत असेल तर अर्धी बार्क, अर्धे विटेचे तुकडे चालतात, ऑर्किडवाले ते पिढ्यान्पिढ्या वापरतायत. मुंबईत राहत असाल तर कोकोपीट एका भागावर आणा, विदर्भात असाल तर तीन करा. प्रमाणाबद्दल भांडणारे लोक भेटतील, भांडू द्या, बघायचं एवढंच की ओलं मिक्स मुठीत दाबून सोडलं की भिजवलेल्या पोह्यांसारखं मोकळं झालं पाहिजे, लाडू वळला जात असेल तर अजून जाड माल घाला.

कोकोपीट आणि सोडणाचे तुकडे धुणं हा भाग लोक गाळतात आणि मग पानांच्या कडा तपकिरी झाल्या म्हणून विचारत बसतात. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियम चिकटलेलं असतं, नुसत्या पाण्याने जे सुटं आहे तेवढंच जातं, चिकटलेलं तसंच राहतं आणि नंतर आपण घातलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम तेच कोकोपीट धरून ठेवतं, झाडाला मिळत नाही. म्हणून ६५० ग्रॅमची एक वीट भिजवून दोन-तीन पाण्यांनी धुवा, मग चार-पाच लिटर पाण्यात १०-१५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात रात्रभर ठेवा, सकाळी निथळून परत एकदा साध्या पाण्याने धुवा. कॅल्शियम नायट्रेट कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, ठिबकवाले शेतकरी नेतात तेच, किलोची पिशवी आणली की आपली कितीतरी वर्षं निघतात.

कुंडी

आत्ताच्यापेक्षा दोन इंच मोठी, बास. सहाची आठ. एकदम बाराची घेतली तर मुळं नाहीत त्या भागातलं पाणी कुणी पीत नाही, ते तसंच साचतं आणि सड तिथूनच सुरू होते. "पुढच्या वर्षी परत बदलायला नको" हा विचार या झाडाला महाग पडतो. पारदर्शक प्लास्टिकची, खाली आणि बाजूला भरपूर भोकं असलेली कुंडी सगळ्यात सोयीची, मुळं दिसतात. मातीच्या कुंडीला मुळं आतून चिकटतात आणि पुढच्या वेळी सोडवताना तुटतात. पण ओला खांब जड असतो, वरचा भार वाढला की प्लास्टिकची कुंडी आडवी होते, म्हणून ती एका जड सिरॅमिकच्या किंवा सिमेंटच्या कुंडीत आत ठेवून द्या. तळाशी खडे घालून "निचरा होतो" ही समजूत सोडून द्या, त्याने ओला थर फक्त वर सरकतो.

प्रत्यक्ष काम

दोन दिवस आधी पाणी घाला. त्याच दिवशी घातलं तर चिखल होतो आणि खोड पाण्याने टणक असल्यामुळे वाकवताना मोडतं, अगदी कोरडं ठेवलं तर मुळं ठिसूळ होतात.

सकाळी, सावलीत, खाली जुनी चादर पसरून बसा. तीन-चार फुटांचं झाड असेल तर घरातलं अजून कुणीतरी हाताशी घ्या, एकाने खांब धरायचा, दुसऱ्याने कुंडी. पानं वर गोळा करून जुन्या सुती ओढणीने सैल बांधून घ्या.

झाड आधीच मॉसच्या खांबावर असेल तर खांब आणि मुळांचा गोळा एकत्र उचलायचा, वेगळं करायचं नाही. कुंडी निघत नसेल तर झाड ओढू नका, कुंडी कापा, कुंडी पन्नास रुपयांची आहे. झाड काथ्याच्या खांबावर असेल आणि मुळं काथ्यात घुसलेली असतील तरी सोडवत बसू नका. काथ्या मुळांच्या बाजूने कात्रीने कापून मुळांना चिकटलेले तुकडे तसेच राहू द्या आणि ते सगळं नवीन मॉसवर टेकवा. नुसतं लोंबतं वाढलेलं झाड असेल तर खोड नीट बघा: एका बाजूने पानांचे देठ निघतात आणि दुसऱ्या बाजूला, पेरांपाशी, हवाई मुळं किंवा त्यांचे टोचे असतात. ती बाजू मॉसकडे गेली पाहिजे. उलटं बांधलं तर दोरी सुटेपर्यंत झाड खांबावर राहील, चिकटणार कधीच नाही.

आता मुळं. निरोगी मूळ पांढरं, क्रीम किंवा फिकट तपकिरी आणि टणक असतं, नुसतं तपकिरी म्हणजे सडलं असं नाही, बार्कचा रंग मुळांना लागतो. शंका असेल तर बोटांच्या चिमटीत धरून हलकं ओढा, वरचं साल मोज्यासारखं निघून आत नुसता दोरा राहिला तर ते गेलं, कापून टाका, कात्री स्पिरिटने पुसून. पांढरा कापसासारखा थर कुंडीच्या कडेला दिसला तर ते मुळावरचे मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, मग सगळं जुनं मिक्स फेकून मुळं पूर्ण धुवायची. एरवी पूर्ण धुवायची गरज नाही. खालचा एक तृतीयांश गोळा बोटांनी मोकळा करा, वेटोळी सोडवा, वरचं सुटेल तेवढं सोडा.

दालचिनीची पूड मुळांवर लावू नका हो. ती जखम सुकवते, खोड कापलं तर तिथे ठीक, पण मुळांवर लावली की चांगली मुळंही सुकवते. सड बरीच निघाली असेल तर कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबचं मिश्रण, म्हणजे 'साफ' नावाने मिळणारं बुरशीनाशक, लिटरला दोन ग्रॅम, त्यात दहा मिनिटं बुडवून काढा. निरोगी झाडाला तेही नको.

आणि आता ज्या गोष्टीमुळे बाहेरून आणलेली बरीच झाडं जातात ती. थायलंड-इंडोनेशियाहून आलेलं किंवा टिश्यू कल्चरमधून (प्रयोगशाळेत वाढवून) आलेलं रोप असेल तर मुळांच्या अगदी मध्यात घट्ट मॉसचा किंवा कोकोपीटचा एक गोळा असतो, बऱ्याचदा बारीक जाळीत किंवा कागदात गुंडाळलेला. तो तसाच ठेवून भोवती जाड, हवेशीर मिक्स घातलं की बाहेरचं दोन दिवसांत सुकतं आणि आतला गोळा आठवडाभर चिंब राहतो. वरून कोरडं दिसतं म्हणून आपण पाणी घालतो, आतलं अजून भिजतं, आणि महिन्याभराने झाड कुंडीतून असंच हातात येतं. म्हणून जाळी कापून काढा, गोळा पाण्यात भिजवून चिमट्याने जमेल तेवढा मॉस वेचा. अगदी बारीक मुळात अडकलेला थोडा राहिला तर चालेल, मधला गड्डा राहता कामा नये. आता टिश्यू कल्चरमुळे या झाडाचे भाव उतरलेत आणि अशी छोटी रोपं बरीच विकली जातात, त्यामुळे हे आधीपेक्षा जास्त वेळा करावं लागतं.

बसवताना खांबाचा पाइप तळाला टेकवा, खांब कुंडीच्या मधोमध नको, एका कडेला घ्या म्हणजे मुळांना पुढे जागा राहते. मग खोड खांबाला टेकवून झाड ठेवा, आधी जेवढ्या खोलीवर होतं तेवढ्याच, खालून मिक्स भरा आणि कुंडी आपटून बसवा, हाताने दाबू नका. लांब कडक हवाई मुळं असतील तर कापायची नाहीत, अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवली की नरम होतात, मग जी पोचतात ती मॉसमध्ये किंवा कुंडीत वळवा.

बांधायचं खोड, पानाचा देठ नाही. देठ बांधला तर पान उजेडाकडे वळू शकत नाही आणि पिळवटतं. दर एक-दोन पेरांमागे मऊ वेल्क्रोची पट्टी किंवा सुतळी, मूळ मॉसला नुसतं टेकेल इतपत, खोडात रुतेल अशी नाही.

नंतरचे तीन-चार आठवडे

पहिलं पाणी भरपूर, खालून वाहेपर्यंत, आणि खांबालाही. मग कुंडी उचलून वजन हातात लक्षात ठेवा, पुढचं पाणी त्या अंदाजाने, वरचे दोन इंच सुकल्यावर. खांब मात्र सतत ओलसर हवा. वर उलटी बाटली, झाकणाला सुईने भोक, हे चालतं, आणि त्याहून चांगला मेडिकलमधला सलाइनचा सेट, चाकाने थेंब कमी-जास्त करता येतात. पाणी गाळलेलं किंवा पावसाचं असेल तर उत्तम.

जागा पूर्वेच्या खिडकीची किंवा शेडनेटखालची, थेट दुपारचं ऊन नाही. हवेत ओलावा ६० टक्क्यांच्या वर राहिला तर पान सालीतून अडकत नाही, पण त्यासाठी पानांवर पाणी फवारत बसू नका, मखमलीवर थेंब साचून क्षारांचे पांढरे डाग पडतात. चार झाडं जवळ ठेवा किंवा ह्युमिडिफायर लावा. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटकायची.

पहिल्या पंधरवड्यात खालची एक-दोन पानं पिवळी होतील, होऊ द्या. पानं मलूल दिसली आणि कुंडी जड असेल तर पाणी घालायचं नाही, सावली आणि ओलावा वाढवायचा. मिक्सच्या लगेच वरचं खोडच मऊ, काळं पडायला लागलं तर मात्र वाट न बघता निरोगी भागापासून वर कापून मॉसमध्ये लावा. खत नवीन पान दिसल्यावरच, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, आणि तेच पाणी खांबालाही, कारण वरची मुळं तिथूनच खातात.

खांब छताला टेकला तर

तेव्हा कुंडी बदलू नका, झाड कापा. पण आधी गुटी बांधा: वरून तिसऱ्या-चौथ्या पेरापाशी, हवाई मुळं आहेत तिथे, ओलं मॉस लावून वरून प्लास्टिक गुंडाळायचं. साल काढायची गरज नाही, या झाडाला मुळं फुटायची तयारी तिथे असतेच. मॉसच्या खांबावर असेल तर तेवढंही नको, वरच्या पेरांची मुळं मॉसमध्ये गेलेली असतात, फक्त त्या पेरांच्या खाली खोड आणि खांब दोन्ही कापून वरचा तुकडा खांबासकट नव्या कुंडीत ठेवायचा. तुकडे जोडून खांब करायचा सांगितला तो यासाठीच, झिप टाय कापली की काम झालं.

खालचा बुंधा फेकू नका, वरच्या एक-दोन डोळ्यांतून नवीन कोंब येतो. फक्त पानं कमी झाल्यामुळे तो पाणी फार पीत नाही, आधीच्या सवयीने घालत राहिलात तर सडेल, म्हणून कोंबाला पहिलं पान येईपर्यंत जेवढं घालत होतात त्याच्या निम्मंच घाला.